दिसू नये अशी वायर

धम्मानंद सोनकांबळे सरांना आपल्या हातांचा फार अभिमान होता. शेजाऱ्यांची बोअरची मोटार असो नाहीतर शाळेतला प्रोजेक्टर, काही बंद पडलं की सर पेचकस घेऊन हजर, आणि बहुतेक वेळा न बोलावता. मुखेडच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, राहायचेही तिथेच. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन चमत्कारांचे प्रयोग दाखवायचे. तळहातावर कापूर जाळायचा, पाणी ओतून दिवा पेटवायचा, सगळ्यांसमोर नारळ फोडून आतून लाल चिंधी काढायची आणि मग हात झटकत विचारायचं, "आता सांगा, करणी कुठं आहे?" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, म्हातारे माना डोलवायचे. सरांना तो क्षण फार आवडायचा.

या माणसाने स्वतःच्या हातांनी एक करणी बांधली. एखाद्या मुरलेल्या देवरुशालाही जमली नसती, इतकी बिनचूक बांधली.

त्याचं असं झालं. सरांची एक मालवाहू गाडी होती, चारशे सात. नोकरी सरकारी, म्हणून कागदोपत्री ती बायकोच्या, ज्योत्स्नाच्या नावावर. सोयाबीन, तूर, कधी सिमेंट, जे मिळेल ते भाडं लातूर-नांदेडला पोचवायची. चालवायचा भुजंग. भुजंग सरांच्याच गावचा, हिप्परवाडीचा. दोघं एका बाकावर शिकले. भुजंगाचं घर शेतीवाल्यांच्या आळीत, सरांचं बौद्धवाड्यात. शाळा सुटली की भुजंग सरळ सरांच्या आईसमोर, पंचफुलाबाईंच्या चुलीपाशी येऊन बसायचा आणि भाकरी मागायचा. त्याच्या घरी हे कळलं तेव्हा त्याला मार बसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पंचफुलाबाई ही हकिकत अजून सांगतात आणि दर वेळी हसतात.

तर अशा भुजंगावर सरांना संशय आला. कारण ऐकलंत तर कपाळावर हात माराल. शाळेतले एक गुरुजी चहा पिता पिता म्हणाले, "सर, परवा तुमची गाडी देवणीच्या बाजाराजवळ उभी होती हो." गाडी त्या दिवशी लातूरला माल टाकून सरळ परत यायची होती. भुजंगाला विचारलं असतं तर संपलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सरांच्या घशाबाहेर येईना. "देवणीला कशाला गेला होतास?" असं विचारणं म्हणजे मालकासारखं बोलणं, आणि भुजंगाचा मालक व्हायची सरांना लाज वाटायची. मग त्यांनी जिथे लाज वाटणार नाही असा मार्ग काढला. नांदेडहून गाडीत लावायचा कॅमेरा आणला. एक डोळा रस्त्याकडे, एक डोळा आत ड्रायव्हरकडे, आणि आवाजही टिपणारा.

"सांगून लावा," ज्योत्स्ना म्हणाली. "हल्ली सगळ्याच गाड्यांना असतो. त्याला काही वाटायचं नाही."

"सांगून लावला तर उपयोग काय?"

"मग लावूच नका."

सरांनी ऐकलं नाही. श्रावणातल्या एका रविवारी भुजंग बायकोला, शिल्पाला घेऊन सासुरवाडीला किनवटकडे गेला होता, गाडी सरांच्या दारात उभी होती. सर सकाळीच कामाला लागले. मेकॅनिकला बोलावलं तर गावभर होणार, म्हणून सगळं स्वतः. पुढच्या काचेवर भुजंगाने हौसेने लाल-पिवळी झालर लावली होती, तिच्या गोंड्यांमागे कॅमेरा बसवला. वायर छताच्या कापडाखालून नेली, काचेच्या कडेची प्लास्टिकची पट्टी उचकटून तिच्या आत दाबली, पायदाणाच्या रबराखालून फिरवून स्टेअरिंगच्या मागे फ्यूजच्या डब्यापर्यंत आणली. तिथे दोन लायनी होत्या. एक चावी बंद केली की मरणारी, दुसरी चोवीस तास जिवंत. सरांनी चोवीस तासवाली घेतली. गाडी उभी असताना काय चालतं, तेच तर बघायचं होतं.

बॅटरीचं व्होल्टेज कमी करून कॅमेऱ्याला देणारी एक छोटी डबी असते, लिंबाएवढी. ती लोखंडाला आपटून खडखडायला लागली. असा आवाज भुजंगाच्या कानातून सुटला नसता. सरांनी डबीला काळी टेप गुंडाळली, तरी खडखड. मग घरात जाऊन ज्योत्स्नाच्या कपाटातून हाताला लागलेलं एक ब्लाउजपीस आणलं, लाल रंगाचं, त्यात डबी गुंडाळली, वरून काळ्या दोऱ्याने आवळली, आणि कापड सुटू नये म्हणून चार बाजूंनी टाचण्या खोचल्या. ते गाठोडं स्टेअरिंगमागच्या बेचक्यात दाबून बसवलं आणि मागे सरून पाहिलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सर स्वतःवर खूश झाले. आपण काय तयार केलं आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. नारळातली लाल चिंधी मात्र ते दर रविवारी लोकांना दाखवत होते.

गाडी मुखेडला आली की सर "ऑइल बघतो" म्हणून आत चढायचे, कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचे आणि घरी कॉम्प्युटरवर बघत बसायचे. काय दिसलं? भुजंग बेसूर भजनं म्हणतोय. भुजंग वाटेतल्या म्हशींना शिव्या देतोय. भुजंग देवणीच्या बाजारात गाडी थांबवून, काचेतूनच, एका बांड्या बैलाकडे टक लावून बघतोय आणि "काय रं, वळखलं का?" म्हणतोय. एवढंच. मालाची चोरी नाही, डिझेलची नाही, काही नाही. सरांना बरं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्यांची थोडी निराशाच झाली. आणि कॅमेरा त्यांनी तरीही काढला नाही.

भाद्रपद लागला. सोयाबीन अजून शेतात, भाडी बंद. गाडी हिप्परवाडीला भुजंगाच्या घरापाशी आठ-आठ दिवस उभी राहायला लागली. तिथे रुंद जागा एकच, भुजंगाच्या चुलतीच्या, केवळाबाईच्या भिंतीलगत. केवळाबाई विधवा, एकटी राहणारी, तोंडाने फटकळ. पावसाळ्यात गाडीच्या चाकाने तिच्या दारातली नाली बुजली आणि पाणी घरात शिरलं, तेव्हा ती चारचौघांत ओरडली होती, "बंद पडंल तुजी गाडी, तवा कळंल तुला!"

आणि गाडी बंद पडायला लागली. चावी फिरवावी तर नुसती टक्क. ढकलून सुरू करावी लागे. सर म्हणाले, बॅटरी जुनी झाली. बॅटरी जुनी होतीच, आणि चोवीस तास जिवंत असलेल्या त्या लायनीवर कॅमेरा तिचं रक्त थेंबथेंब पीत होता. लातूरला, नांदेडला गाडी रोज पळे तेव्हा बॅटरी भरून निघे. उभी राहिली की रिकामी. सरांनी हे गणित मांडून पाहिलंच नाही. आपल्या कामात चूक असेल हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळच लागतो.

नवरात्रात, खांडेनवमीच्या पूजेच्या आदल्या दिवशी भुजंगाचा फोन आला.

"सर, गाडीत कायतरी घावलं."

"काय?" सरांनी विचारलं.

"शिल्पा गाडी धून राहिली व्हती पूजेसाठी. स्टेरिंगच्या मागं फडकं फिरवाया हात घातला तर गाठोडं. लाल कापड, काळा दोरा, वर टाचण्या टोचलेल्या. वढलं तर तुटून हातात आलं." भुजंगाचा आवाज खाली आला. "समदे म्हणून राहिले करणी हाय. गाडी लातुरात बंद पडत न्हाई, नांदेडात पडत न्हाई, फकस्त घरापुढं पडती. आमी उघडलं न्हाई. आसलं उघडत नसतेत. सर, तुमाला काय वाटतं?"

सरांना काय वाटलं? सरांना सुटल्यासारखं वाटलं. वायर सापडली होती, पण वायर म्हणून सापडली नव्हती. कुणी उघडणार नाही. कुणाला कळणार नाही. गावोगाव करणीच्या नावाने हात झटकणाऱ्या या माणसाला त्या क्षणी करणी देवासारखी धावून आली.

"जपून राहा बाबा," सर म्हणाले. "लांब कुठंतरी टाकून दे ते."

 "हाव सर," भुजंग म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी धम्मचक्र प्रवर्तन दिन. मुखेडच्या विहारात सरांचं भाषण होतं, दर वर्षी असतंच. विषयही नेहमीचाच, विज्ञाननिष्ठ जीवन. सर बोलले. बावीस प्रतिज्ञांवर बोलले, भानामतीवर बोलले. टाळ्या पडल्या. ज्योत्स्ना समोरच्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघत होती. तिला फोनचं माहीत होतं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि सरांनी ते पाहिलं.

मुखेडच्या बाजाराच्या दिवशी दुपारी सरांच्या दारात केवळाबाई उभी राहिली. हातात रिकामी पिशवी, चेहरा उतरलेला. सरांच्या घरी ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. ज्योत्स्नाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा ठेवला. केवळाबाईने बशीत ओतून चहा प्यायला आणि मग बोलायला लागली.

"धम्मा, तू गावात येतो का लेकरा? तुजा शबूद मानतेत."

"काय झालं काकू?"

"भुजंगाच्या गाडीत गाठोडं घावलं. म्या ठिवलं म्हणून राहिले. नळावर बाया माजी घागर बाजूला सारतेत. दुकानवाला पैशे हातात घेत न्हाई, खाली ठिव म्हणतो." ती थांबली. "उद्या पारावर बसनार हायत. ते गाठोडं मला हातानं उचलाया लावनार. जिनं केलं तिचा हात जळतो म्हणं. म्या उचलीन रं, मला कशाचं भ्याव? पर उचललं म्हंजे म्या कबूल केलं न्हाई का, की माज्यावर संशय घ्यावा आशीच बाई हाय म्या?"

पंचफुलाबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. घागरीचं ऐकून त्यांचा हात थांबला. घागर बाजूला सारणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"येतो," सर म्हणाले. एवढंच म्हणाले. समोर बसलेल्या बाईला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. ते तिच्या रिकाम्या बशीकडे बघत राहिले.

ती गेल्यावर पंचफुलाबाई म्हणाल्या, "त्याच पारासमोर तुज्या बापाला उभं करायचे, ठावं हाय न्हवं? कुनाचं पोतं गेलं, कुनाचं बैलाचं दावं गेलं, बलाव पंढरीला. कवा काय सापडलं न्हाई त्येच्यापाशी. तरी पुन्यांदा बलावायचेच. येक मानूस उठून म्हणला असता, ह्यो न्हाई, तर त्यो इतक्या लवकर खचला नसता." मग लसणाच्या पाकळ्या ताटलीत टाकत म्हणाल्या, "म्या बी येते उद्या."

सरांना ते सगळं ठाऊक होतं. आठवत होतं. बापाची झडती घेणारे लोक त्यांना माणसं म्हणून आवडले नव्हते कधी. आणि आता स्वतः त्यांनी एका माणसाची महिना-दीड महिना झडती घेतली होती, त्याला न सांगता, झालरीमागे लपून. ज्योत्स्ना स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. तिच्याशी बोलायची सरांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही एसटीने हिप्परवाडीला गेले. मारुतीच्या पारावर माणसं जमली होती, बाया भिंतीच्या कडेने. मधोमध पत्रावळीवर ते गाठोडं, शेजारी कापलेलं लिंबू, हळदकुंकू. केवळाबाई एका बाजूला एकटी बसली होती. तिच्या आजूबाजूला चार माणसं बसतील एवढी जागा रिकामी होती. पोलीस पाटील व्यंकट पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, मारहान न्हाई, शिवीगाळ न्हाई. नुसतं उचलायचं. कायद्यात बसतं ना?"

"उचलायची काही गरज नाही," सर म्हणाले. आवाज नेहमीच्या कार्यक्रमातला आला, घोटलेला, मोठा. त्यांनी पत्रावळीवरून गाठोडं उचललं. कुणीतरी "आरारा" केलं. सरांनी टाचण्या काढल्या, दोरा तोडला, कापड सोडलं, काळी टेप सोलली आणि डबी वर धरली. "हे बघा. करणी नाही, काही नाही. गाडीचा पार्ट आहे. लाइट-बिइटसाठी असतो. कंपनीतूनच येतो."

आपण किती सहज खोटं बोललो, याचं सरांनाच आश्चर्य वाटलं.

भुजंगाचा चेहरा मात्र एकदम उजळला. "बगा!" तो म्हणाला. "सर म्हणले म्हंजे झालं!"

माणसं उठायला लागली. छातीवरचा दगड उतरतोय असं सरांना वाटलं. तेवढ्यात शिल्पा पुढे आली आणि खाली पडलेलं लाल कापड तिने उचललं. उलटंपालटं केलं. काठावरची बारीक पिवळी नक्षी बोटांनी चाचपली.

"आन् हे?" ती म्हणाली. "हेबी कंपनीतून येतं का?" तिने मान वर करून ज्योत्स्नाकडे पाहिलं. "वहिनी, पोरीच्या लग्नात म्या तुमाला दिलेलं पीस हाय हे. म्या सोता उदगीरहून आनलं व्हतं."

 ज्योत्स्नाने नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्या बायांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. मागून कुणीतरी, पुरुषाच्या आवाजात, फार मोठ्याने नाही पण ऐकू जाईल असं म्हणालं, "म्हंजे बौद्धवाड्यातून आलं व्हय."

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्या कुठे बघत होत्या ते दिसेना.

"मी बांधलं," सर म्हणाले.

आता आवाज घोटलेला नव्हता. कुणाला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "मी बांधलं. ज्योत्स्नाला नाव ठेवू नका, तिने नको म्हटलं होतं. मी गाडीत कॅमेरा बसवला. भुजंगाला न सांगता. त्याच्यावर नजर ठेवायला. ही डबी त्या कॅमेऱ्याची. खडखडत होती म्हणून कापडात गुंडाळली. गाडी कॅमेऱ्यामुळेच बंद पडत होती. काकूंचा काही संबंध नाही."

 सर चालत गाडीपाशी गेले, केबिनमध्ये चढले, झालर बाजूला सारून कॅमेरा उपटला. वायर छतातून फराफरा निघत आली. ती हातात धरून ते पुन्हा पारासमोर येऊन उभे राहिले. बाप जिथे उभा राहायचा तिथेच आपण उभे आहोत, हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं. बापाकडे काही सापडलं नव्हतं. त्यांच्या हातात सापडलेला माल होता.

पहिला व्यंकट हसला. "सर, मंग भानामती तुमचीच निघाली की!" आणि सगळा पार हसायला लागला. प्रयोगाच्या वेळी हसायचे तसेच हसले, म्हातारे, बाया, सगळे. मोठी करमणूक झाली. सर मान खाली घालून उभे राहिले. भुजंग हसला नाही.

हसणं ओसरल्यावर केवळाबाई उठली. "मंग म्या जाऊ आता?" तिने व्यंकटला विचारलं. व्यंकट कुणाशी तरी बोलत होता. कुणीच उत्तर दिलं नाही. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग सरांसमोर आली.

"धम्मा, काल तुज्या घरी च्या पिला म्या. तवा तुला म्हाईत व्हतं?"

"हो, काकू."

"बरं," ती म्हणाली आणि घराकडे चालायला लागली. पंचफुलाबाई उठल्या आणि काही न बोलता तिच्या मागोमाग गेल्या. ज्योत्स्नाही गेली. नवऱ्याजवळून जाताना तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माणसं पांगली. भुजंग जवळ आला. "चला, मुखेडला सोडतो," म्हणाला.

गाडीत सर त्याच्या शेजारी बसले, मांडीवर कॅमेरा आणि वायरीचं भेंडोळं. हिप्परवाडी ते मुखेड एवढा रस्ता भुजंग कधी गप्प राहिल्याचं सरांना आठवत नव्हतं. कॅमेऱ्यातही नाही. आज तो भजन म्हणत नव्हता, म्हशी आडव्या आल्या तर शिवी देत नव्हता. प्लास्टिकची पट्टी निघून लोंबत होती, ती खड्ड्यात आपटायची तेवढाच आवाज. सरांना वाटलं, याने आपल्याला दोन शिव्या हासडल्या तर किती बरं होईल.

बऱ्याच वेळाने भुजंगाने विचारलं, "काय घावलं त्याच्यात?"

"काही नाही. तू देवणीला थांबला होतास."

"हाव. आमच्या गाईचं वासरू तिकडं इकलं व्हतं, त्योच आता बैल झालाय. त्याला बगाया थांबलतो." त्याने गिअर बदलला. "इचारलं असतं तर तुमालाबी दावलं असतं."

 सर खिडकीबाहेर बघत राहिले. कापणीला आलेलं सोयाबीन दोन्ही बाजूंना पिवळं पडलं होतं. भाडी आता सुरू होणार होती, आणि भुजंग उद्या गाडीवर येणार की नाही, हे विचारायचा अधिकार आपल्याला उरला आहे का, हे त्यांना कळत नव्हतं.

मुखेडच्या घरासमोर गाडी थांबली. भुजंगाने चावी बंद केली. सरांनी दाराला हात घातला तेव्हा तो समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागला.

"सर, कॅमेऱ्याचं म्या इसरून जाईन. गाडी तुमची हाय. आता आजून एक सांगतो. गाठोडं घावलं तवा म्या तुमाला फोन कामून केला, म्हाईत हाय?"

"सांगायला."

"न्हाई. शिल्पा म्हणत व्हती करणी, आळी म्हणत व्हती करणी. मला पटत न्हवतं. आवो, तुमचे समदे खेळ बगितलेत म्या, नारळात चिंदी घालाया म्याच तर बसायचो तुमच्यासंगं. म्हणलं, सरांना फोन लावतो. सर शिव्या देतील, येड्या म्हणतील. फोनवरच समद्यांना आयकवतो. म्या फोन मोठ्या आवाजावर ठिवला व्हता, सर. समदे भवती उभे व्हते." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आन् तुमी म्हणले, जपून राहा."

सरांचा दारावरचा हात खाली आला.

"मंग मला खरं वाटलं. सरच म्हणून राहिले म्हंजे खरंच आसंल. समद्यांनी इचारलं, कुनावर संशय हाय का? तिचं नाव गावानं न्हाई घेतलं, सर. म्या घेतलं. म्या लहान आसताना माय आजारी पडली, तवा मला चुलतीनं सांभाळलं व्हतं."

 सरांना इतकी लाज कधीच वाटली नव्हती, पारासमोरही नाही. तिथे लोक हसले होते, हसण्यात थोडं तरी लपता आलं होतं. आणि आता त्यांना आठवली ती केवळाबाई, सगळे हसून मोकळे झाल्यावर "म्या जाऊ आता?" विचारत उभी राहिलेली. तिला कुणी "चूक झाली" एवढंही म्हटलं नव्हतं. त्यांनीही नाही.

"भुजंग," सर म्हणाले, "गाडी वळव."

"कामून?"

"काकूंकडे. त्यांना आपण दोघंही काही बोललो नाही."

"मला तोंड दाखवाया जागा न्हाई, सर."

"मला पण नाही."

भुजंगाने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. मग त्याने चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.